खिडकीजवळची खाट

कारकुनाच्या डोळ्यांना काही वर्षांनी एक खोड लागते. कोणतीही वस्तू समोर आली, की ती अंदाजपत्रकाच्या कोणत्या रकान्यात बसेल हे त्याला आधी दिसते, आणि वस्तू मागाहून दिसते. मी दिल्लीत केंद्र सरकारच्या ज्या कार्यालयात आहे, तेथे सरकारी इमारतींच्या बांधकामाची व दुरुस्तीची प्रकरणे येतात. तेरा वर्षे मी ती हाताळतो आहे. पूर्वी दोऱ्याने बांधलेल्या फायली असत. आता त्या पडद्यावर उघडतात. पण टिप्पणीचे पान अजून हिरवेच आहे आणि त्यावर लिहिण्याची आमची भाषाही फारशी बदललेली नाही. ‘हरकत नसावी’, ‘तूर्त स्थगित’, ‘अत्यावश्यक नाही’, एवढ्या तीन-चार शब्दांवर आमच्यापैकी पुष्कळांची नोकरी पार पडते.

नाना आजारी पडले त्याच्या तीन वर्षे आधी माझ्याकडे असेच एक प्रकरण आले होते. दूरच्या एका गावातील सरकारी रुग्णालयाला नवा कक्ष जोडायचा होता. अंदाजपत्रक मंजूर रकमेच्या वर गेले होते आणि ते खाली आणण्याचा हुकूम होता. कोणत्या बाबी गाळता येतील, याची पहिली यादी करणे हे माझ्यासारख्याचे काम. सिमेंट गाळता येत नाही, लोखंड गाळता येत नाही. मी यादी वरून खाली वाचीत गेलो आणि शेवटी तीन बाबींपाशी थांबलो. रोग्यांच्या नातेवाइकांसाठी पाठ असलेली बाके व त्यांवर छप्पर. कक्षात रोग्यांना दिसतील अशी भिंतीवरची घड्याळे. आणि एका बाजूच्या खिडक्या दीड फूट खाली आणण्याचा वाढीव खर्च. या शेवटच्या बाबीपुढे कोणा अभियंत्याने कारण लिहिले होते, की रोग्याला पडल्या जागेवरून बाहेरचे दिसावे. ते वाचून मला थोडे हसू आले होते, हे कबूल केले पाहिजे. या बाबींचा उपचाराशी प्रत्यक्ष संबंध दिसत नाही, त्या तूर्त वगळण्यास हरकत नसावी, अशा अर्थाची टिप्पणी मी लिहिली. साहेबांनी खाली सही केली. रक्कम बसली. त्या आठवड्यात साहेब माझ्यावर खूश होते, आणि मी ते प्रकरण विसरून गेलो.

गेल्या वर्षी माघ सरता सरता नाना आमच्याकडे दिल्लीस आले. नाना म्हणजे माझे वडील, वय शहात्तर. रत्नागिरी जिल्ह्यात जयगडच्या खाडीच्या काठी आमचे गाव आहे. तेथल्या शाखा टपाल कचेरीचे ते चाळीस वर्षे पोस्टमास्तर होते. खात्याचे कायम नोकर नव्हेत. ज्यांना पूर्वी ‘एक्स्ट्रा डिपार्टमेंटल’ म्हणत आणि आता ‘ग्रामीण डाक सेवक’ म्हणतात, त्यांच्यापैकी. पोस्ट म्हणजे आमच्या घराची पडवीच. एक मेज, एक तराजू, एक लोखंडी पेटी आणि तारखेचा शिक्का. सकाळी आंघोळ व देवपूजा झाली, की नाना त्या शिक्क्यातले आकडे बदलीत, कोऱ्या कागदावर एक ठसा उमटवून तो डोळ्यांजवळ धरीत, आणि मगच चहाचा कप हाती घेत. आमच्या घरातला दिवस त्या ठशाने सुरू होई. नानांना तारीख दुसऱ्या कोणाला विचारावी लागली, असे मला आठवत नाही.

दिल्लीस येऊन पुरता पंधरवडाही झाला नाही, तोच आमच्या सरकारी घराच्या ओल्या न्हाणीघरात त्यांचा पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. भिंतीला धरायला एक दांडा असता, तर ते सावरलेही असते. तो दांडा बसवून घेण्याचे मी दोन वर्षे उद्यावर टाकीत आलो होतो.

शस्त्रक्रिया चांगली झाली. पण दुसऱ्या दिवशी त्यांना धाप लागू लागली, म्हणून अतिदक्षता विभागात हलवले. त्या रुग्णालयाचे नाव मी येथे देत नाही. तेथल्या डॉक्टरांनी नानांचा जीव वाचवला, याविषयी माझ्या मनात शंका नाही. आणि मला जे सांगायचे आहे, ते त्या एका रुग्णालयापुरते नाहीच.

हा विभाग तिसऱ्या मजल्यावर होता, पण त्याला बाहेर उघडणारी एकही खिडकी नव्हती. छतात बसवलेले पांढरे दिवे रात्रीही मालवीत नसत. थंड हवेचे यंत्र एकसारखे घुमत असे आणि प्रत्येक खाटेच्या उशाशी एकेक यंत्र आपापल्या सुरात टिकटिक करीत असे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात रुग्णकक्षात रात्रीचा आवाज ३० डेसिबलपर्यंत असावा, असे म्हटले आहे. ही जवळजवळ कुजबुजीची पातळी झाली. येथे औषधांच्या गाडीचे एक चाकच तेवढे मौन मोडायला पुरेसे होते. आम्हांला सकाळी व संध्याकाळी पंधरा-पंधरा मिनिटे आत जाता येई. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गेलो, तेव्हा नानांनी माझा हात घट्ट धरला आणि हळूच विचारले, “बोट कुठवर आली रे?”

मला प्रथम काही कळेना. “कसली बोट, नाना?”

“अरे, जयगड सोडून किती वेळ झाला! वर तुतकावर जाऊ देत नाहीत. हे खलाशी विचारले तरी काही सांगत नाहीत. धक्का आला की मला उठव.”

माझ्या पिढीने ती बोट पाहिलेली नाही. कोकणच्या किनाऱ्याने मुंबईला भाऊच्या धक्क्यापर्यंत जाणाऱ्या त्या आगबोटी बंद होऊन आता तीन दशकांहून अधिक काळ लोटला. नाना तरुणपणी त्यांतून जात-येत. पडावातून बोटीवर चढायचे, आणि वर जागा मिळाली नाही, की खाली सामानाच्या गठ्ठ्यांत अंग टाकायचे. खाली खिडकी नाही, दिवा अष्टौप्रहर पेटलेला, यंत्राची घरघर, कोंदट वास आणि अनोळखी माणसांची ये-जा. मी मान वर करून त्या विभागाकडे एकदा पाहिले, आणि नानांची चूक फार मोठी नाही, असे मला वाटले. हाती आलेल्या पुराव्यांवरून त्यांच्या बुद्धीने काढलेला तो निष्कर्ष होता. दिवस नाही, रात्र नाही, वारा नाही, आपली भाषा नाही. अशी जागा त्यांनी आयुष्यात एकच पाहिली होती.

त्या रात्री मी घाबरून पाळीवरच्या तरुण डॉक्टरीणबाईंना गाठले. त्यांनी मला दोन मिनिटे दिली, आणि ती पुरली. वृद्ध माणसाला मोठ्या शस्त्रक्रियेनंतर असा भ्रम होणे मुळीच दुर्मीळ नाही, असे त्या म्हणाल्या. आपल्याकडे जुनी माणसे ‘वात झाला’ म्हणत, त्याच जातीचा हा प्रकार. जंतुसंसर्ग, रक्तातले क्षार, वेदनेवरची औषधे, झोपमोड अशी त्याला पुष्कळ कारणे असतात, आणि ती शोधण्याचे काम त्यांचे. मी करायचे ते एवढेच, की त्यांचा चष्मा आणायचा, मोठ्या आकड्यांचे एक घड्याळ आणायचे, आणि दर खेपेला आपल्या भाषेत सांगायचे, की हे कोणते गाव, आज कोणता वार, आत्ता सकाळ की संध्याकाळ. यांना खिडकीजवळ ठेवता येणार नाही का, असे मी विचारले. त्या थकल्या चेहऱ्याने हसल्या आणि म्हणाल्या, “येथे खिडकी असती, तर मीसुद्धा घटकाभर तिच्याजवळ जाऊन उभी राहिले असते.”

चष्मा घरी होता. शस्त्रक्रियेपूर्वी काढून दिलेल्या अंगठीबरोबर आणि कवळीबरोबर तो एका पिशवीत तसाच पडला होता. पाच दिवस या माणसाला आम्ही धूसर जगात ठेवले होते आणि त्याला जग ओळखू येत नाही म्हणून चिंता करीत होतो.

आठ रात्री मी त्या विभागाबाहेरच्या बोळात काढल्या. बसायला चार लोखंडी खुर्च्या आणि नातेवाईक तीस-चाळीस. बाकीचे सारे वर्तमानपत्रे अंथरून जमिनीवर. पहाटे चार वाजता फरशी धुवायला येत, तेव्हा सर्वांना आपापली बिछायत उचलून जिन्यात उभे राहावे लागे. माझ्या शेजारी दरभंग्याकडचे एक म्हातारे गृहस्थ असत. त्यांचा मुलगा आत होता. मध्यरात्री कधीतरी ते मला सातू देत आणि मी त्यांना थर्मासमधला चहा देई. असाच एकदा भिंतीला पाठ टेकून बसलो असता मला ती टिप्पणी आठवली. पाठ असलेली बाके व त्यांवर छप्पर. ते गाव वेगळे, ते रुग्णालय वेगळे. पण तेथेही या घटकेला कोणीतरी असाच भिंतीला टेकून बसला असेल, आणि त्याच्या पाठीशी ती भिंत ठेवणाऱ्यांत पहिला हात माझा होता. अत्यावश्यक नाही, असे ज्याविषयी मी लिहिले होते, ते काय होते हे मला त्या रात्री पाठीच्या कण्याने सांगितले.

झोप येत नसे, म्हणून हातातल्या फोनवर मी वाचू लागलो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हणजे क्रिमियाच्या युद्धात हाती दिवा घेऊन फिरणारी परिचारिका, एवढेच मी शाळेत शिकलो होतो. तिने १८५९ साली रुग्णालयांच्या बांधणीवर एक पुस्तक लिहिले आणि १८६३ साली ते वाढवून पुन्हा काढले, हे मला ठाऊक नव्हते. कक्ष लांबट असावा, दोन्ही अंगांना समोरासमोर खिडक्या असाव्यात, निदान दोन खाटांमागे एक तरी खिडकी असावी, असा तिचा आग्रह. शुश्रूषेवरच्या दुसऱ्या पुस्तकात विनाकारण होणाऱ्या आवाजाविषयी आणि त्याच त्या भिंतींकडे पाहून रोग्याच्या मनाला येणाऱ्या शिणवट्याविषयी तिने लिहिले आहे. युद्धावरून परतल्यावर ती स्वतः वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळून होती. तेव्हा हे ऐकीव ज्ञान नव्हते. रोग दूषित हवेतून उपजतात, ही तिची समजूत पुढे जंतूंच्या शोधाने मागे पडली. पण त्या समजुतीपोटी तिने मागितलेल्या खिडक्या काही चुकीच्या ठरल्या नाहीत.

नवव्या दिवशी नानांना सर्वसाधारण कक्षात हलवले. तो रुग्णालयाच्या जुन्या भागात होता. दार ओलांडताच मला ओळख पटली. लांबट दालन, उंच छत, दोन्ही बाजूंना खिडक्या आणि मधून खाटांच्या दोन रांगा. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या बाईंचा आराखडाच माझ्यापुढे उभा होता. रंग उडालेला होता, पंखे करकरत होते, खिडक्यांची काही तावदाने पुठ्ठ्याने बुजवली होती. तरी सकाळचे ऊन जमिनीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडले होते. नानांच्या वाट्याला मात्र खांबाआडची खाट आली. त्यांच्या डोळ्यांसमोर एक डागाळलेली भिंत आणि भेटीच्या वेळांची इंग्रजी पाटी. बोटीची चौकशी कमी झाली, पण थांबली नाही. जेवणाचे ताट आले, की ते हाताने दूर सारीत. बोट लागल्यावर जेवू, म्हणत.

त्या कक्षात रात्रपाळीला केरळच्या एक परिचारिका होत्या. त्या हिंदीतून विचारीत, नाना मराठीतून उत्तर देत, आणि दोघांचे काम अडत नसे. मी त्यांना खाट फिरवण्याविषयी विचारले. खाटांचे क्रमांक भिंतीवर रंगवलेले होते आणि औषधे त्या क्रमांकांवर निघत. तेव्हा खाट फिरवणे म्हणजे घोटाळ्याला आमंत्रण. पण दुसऱ्या दिवशी पहाटे खिडकीजवळचा एक रोगी घरी जायचा होता. पाळी संपवून जाण्यापूर्वी त्यांनी नव्या रोग्याचे नाव लागायच्या आत नानांचे नाव त्या क्रमांकावर चढवले. कोणाची परवानगी घेतली, हे मी विचारले नाही.

खिडकीबाहेर कडुनिंब होता. मार्चचा तिसरा आठवडा. जुनी पाने झडत होती आणि फांद्यांच्या टोकांना तांबूस कोवळी पालवी फुटली होती. नाना बराच वेळ पाहत राहिले. मग चष्मा किंचित वर करून म्हणाले, “हा कडुनिंब.”

“होय, नाना.”

“एवढा मोठा कडुनिंब आपल्याकडे नाही. आपला एकच, देवळामागचा, आणि तोही खुरटलेला. म्हणजे हे आपले गाव नव्हे.”

“नव्हे.”

“आणि बोटीवर झाड कुठून असणार?” ते स्वतःशीच जरा हसले. “दिल्ली का रे ही?”

“दिल्लीच.”

“पालवी फुटली, म्हणजे पाडवा जवळ आला. किती दिवस राहिले?”

“अकरा.”

त्यांनी बोटांच्या पेरांवर मागे मोजून तारीख काढली आणि मला ती सांगितली. ती बरोबर होती. मग ताट मागितले.

त्या क्षणी भ्रम पळाला, असे मी म्हणणार नाही. औषधे बदलली होती, क्षारांचे प्रमाण सुधारले होते, धाप ओसरली होती. संध्याकाळ झाली, की पुढेही दोन-तीन दिवस ते गोंधळत. पण आता त्यांच्यापाशी पुरावा होता. शंका आली, की ते खिडकीकडे पाहत. झाड काळवंडले असेल तर रात्र, पोपट ओरडत असतील तर सकाळ. जगाशी तुटलेला एक धागा त्यांच्या हाती परत आला होता आणि तो ओढून ओढून ते तीरावर येत होते.

अमेरिकेतल्या रॉजर उलरिक यांचा एक शोधनिबंध मी त्यानंतर वाचला. तो १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. काही खोल्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, काहींच्या खिडकीतून विटांची तपकिरी भिंत. वय, प्रकृती इत्यादी बाबतींत सारख्या असलेल्या रोग्यांच्या तेवीस जोड्या त्यांनी लावल्या. झाडे दिसणारे रोगी शस्त्रक्रियेनंतर सरासरी ७.९६ दिवसांनी घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांनी. झाडवाल्यांना वेदनेवरची तीव्र औषधे कमी लागली आणि परिचारिकांनी त्यांच्याविषयी त्रासाच्या नोंदी कमी केल्या. एकंदर शेहेचाळीस माणसे, एक रुग्णालय, एका प्रकारची शस्त्रक्रिया. एवढ्यावरून मोठा सिद्धान्त मांडू नये, हे खरे. पण मी कारकून आहे. एका रोग्यामागे पाऊण दिवसाची खाट वाचते, हा आकडा माझ्या ओळखीच्या भाषेत होता. झाडाचा उपचाराशी प्रत्यक्ष संबंध दिसत नाही, असे लिहिणे त्या आकड्यासमोर मला जमले नसते.

फिनलंडमध्ये पायमिओ येथे क्षयरोग्यांसाठी बांधलेले एक आरोग्यधाम आहे. आल्वार आल्टो या वास्तुशिल्पकाराने ते १९३३ साली पुरे केले. ते काम हाती आले तेव्हा आपण स्वतः आजारी होतो, असे त्याने पुढे सांगितले आहे. इतर खोल्या उभ्या माणसासाठी असतात. रोग्याची खोली आडव्या माणसासाठी असली पाहिजे, हे त्याने अंथरुणात पडून जाणले. म्हणून तेथे छताला गडद शांत रंग दिला, दिवा रोग्याच्या डोळ्यांवर येणार नाही अशा जागी लावला, आणि शेजारच्या रोग्याची झोप मोडू नये म्हणून हात धुण्याच्या भांड्यात पाणी आवाज न करता पडेल असा उतार ठेवला. आपल्याकडेही नैनितालजवळ भोवालीचे आरोग्यधाम १९१२ साली निघाले. कमला नेहरू १९३५ साली तेथे उपचार घेत होत्या. चिडाच्या झाडांवरून येणारा वारा, ऊन, विश्रांती आणि आहार, हाच त्या काळचा मुख्य उपचार. क्षयावर चालणारे स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली हाती लागले, आणि तोपर्यंत इमारत हेच रोग्याचे मोठे औषध होते. औषध आले हे फार चांगले झाले. फक्त त्यानंतर इमारतीला आपण कोठाराच्या हिशेबात टाकले.

हे वाचताना मला आमची पडवी आठवे. आजोबांच्या शेवटच्या आजारात त्यांची खाट माजघरात न ठेवता पडवीत ठेवली होती. एका कोपऱ्यात पोस्ट, दुसऱ्यात आजोबा. तेथून पाखाडी दिसे. वर-खाली जाणारा येणारा प्रत्येक माणूस दोन पायऱ्या थांबून “काय आबा, कसे काय?” म्हणे. कोणाची म्हैस व्याली, कोणाची मनीऑर्डर आली, हे आजोबांना आमच्या आधी कळे. ही व्यवस्था कोणा वास्तुशिल्पकाराने सुचवली नव्हती. पण जुने ते सारे शहाणपणाचे, असेही म्हणण्याची सोय नाही. त्याच घरात बाळंतिणीची खोली होती. तिची एकुलती एक खिडकी वाऱ्याच्या भीतीने गोणपाट कोंबून बुजवलेली, आत शेगडीचा धूर आणि भर दिवसा अंधार. आईने त्या खोलीचे नाव कधी प्रेमाने घेतले नाही. एकाच छपराखाली एका आजाऱ्याला पाखाडी दिली होती आणि दुसरीला काळोख. खोली कोणासाठी आहे, हे ठरवताना त्या माणसाला कोणी विचारले होते की नाही, एवढाच त्यात फरक.

या अंकाचे वाचक बहुतेक माझ्यासारखेच नोकरीपायी घराबाहेर पडलेले आहेत. कोणी लखनौस, कोणी जबलपूरला, कोणी कोलकात्यास. आपल्यापैकी पुष्कळांचे आईबाप उतारवयात आपल्याकडे येतात, आणि आजारपण त्यांना अशा शहरात गाठते, जेथली पाटी त्यांना वाचता येत नाही आणि झाडही नेहमीचे नसते. त्यांच्या दृष्टीने रुग्णालय हे परक्या मुलुखातले आणखी परके घर. डॉक्टर त्यांच्याशी दिवसातून दोन मिनिटे बोलतो. उरलेला दिवस त्यांच्याशी भिंत बोलते, दिवा बोलतो, छत बोलते. ते काय बोलतील, हे डॉक्टर ठरवीत नाही. ते पुष्कळदा आपल्यापैकीच कोणाच्या तरी मेजावर ठरते.

एप्रिलात मी कामावर रुजू झालो. पहिल्याच आठवड्यात ते जुने प्रकरण पडद्यावर उघडून पाहिले. कक्ष बांधून पुरा झाला होता, हिशेब बंद झाला होता. माझ्या टिप्पणीखालची सही तशीच होती. त्या कक्षाच्या खिडक्या कायम दीड फूट वर राहणार, आणि त्याला आता कोणत्याही टिप्पणीने उपाय नाही.

जूनमध्ये तसलेच दुसरे अंदाजपत्रक आले आणि तसाच हुकूम आला. या वेळी मी गाळायच्या बाबींची यादी केली, पण घड्याळे, न्हाणीघरातले धरायचे दांडे, खिडक्या आणि बाके तिच्यात घातली नाहीत. या बाबींचा उपचाराशी संबंध कसा येतो, हे चार ओळींत लिहिले. साहेबांनी बोलावून घेतले. “तुम्ही वैद्यकी केव्हापासून करू लागलात?” त्यांनी विचारले. मी नानांच्या बोटीची हकीगत त्यांना थोडक्यात सांगितली. त्यांच्या आई गेल्या साली चेन्नईच्या एका अतिदक्षता विभागात होत्या. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “अभियंत्याकडून खर्च पुन्हा मागवा.” खिडकी नकाशावर असतानाच खाली आणली, तर खर्च फारसा वाढत नाही, भिंत उभी राहिल्यावर मात्र वाढतो, असे त्यांचे उत्तर आले. खिडक्या राहिल्या. घड्याळे आणि दांडे राहिले. बाके आणि छप्पर पुढच्या वर्षावर गेले. पुढच्या वर्षी ते प्रकरण माझ्याच मेजावर यावे, अशी माझी इच्छा आहे.

नाना मेमध्येच काठी टेकीत गावी परतले होते. ज्येष्ठाच्या अखेरीस एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. प्रकृतीची विचारपूस झाली, नातवंडांची झाली, आणि मग ते म्हणाले, “तुमच्या त्या कडुनिंबाला निंबोळ्या धरल्या का रे?”

“बघून सांगतो,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर मी वाट वाकडी करून त्या रुग्णालयाकडे गेलो. त्या झाडाखाली मी पूर्वी कधी उभा राहिलो नव्हतो. ते मला वरूनच ठाऊक होते. खाली सावलीत पंधरा-वीस माणसे चादरी अंथरून बसली होती. कोणी डबा उघडला होता, कोणी नुसते वरच्या खिडक्यांकडे पाहत होते. छप्पर आणि बाके या बाबी येथे त्या झाडाने स्वखर्चाने पुऱ्या केल्या होत्या. त्यांच्या वर्तमानपत्रांवर पिवळ्या निंबोळ्या गळून पडत होत्या. एक बाई त्या हाताने झाडीत होती. वर नानांची खिडकी उघडी होती आणि तिच्याजवळच्या खाटेवर कोणीतरी होते. उशीचा कोपरा तेवढा दिसला.

मी तेथूनच फोन लावला. “धरल्या आहेत, नाना. पिकून खाली पडताहेत.”

“मग तुमच्याकडेही येईल आता पाऊस,” नाना म्हणाले. “आमच्याकडे परवाच सुरू झाला.”